करीच्या दिवशी पळणारे दोघे

फोन वाजला तेव्हा मी पाट्यावर खोबरं वाटत होते. पोळ्याचा दुसरा दिवस, कर. आमच्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, घरोघरी मटण शिजतं, आणि हे त्या दिवशी टेकड्यांवर पळायला जातात. जायचे. यांचा मोबाईल घरीच होता, पळताना ते तो सोबत नेत नसत. हात पुसून पाहिलं तर त्यावर नाव होतं गौतम. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं. तो वाजत राहिला आणि मी हातात धरून उभी राहिले. बंद पडला. परत वाजला. मी उचलला नाही, कारण गौतमदादा माझे भासरे. भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, आमच्या घरात बाई बोलत नाही. वीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मागच्या दारी पळत गेले आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्या गोठ्यात बैलांच्या शिंगांचं बेगड काढत होत्या. "हां, बोल गौतम," म्हणाल्या. ऐकलं, आणि तिथेच शेणात खाली बसल्या.

"इलास पडला म्हन्ते," त्या म्हणाल्या. "उठून नाई राह्यला म्हन्ते."

तिसऱ्या टेकडीच्या उतारावर हे पडले होते. तिथे गाडी जात नाही. माणसं वर पोचेपर्यंत गौतमदादांनी यांना पाठीवर घेऊन दुसरी टेकडी ओलांडली होती, आणि पहिलीच्या पायथ्याशी लोकांनी यांना त्यांच्या पाठीवरून उतरवून घेतलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की जागेवरच गेले होते. म्हणजे त्या सगळ्या वाटेने पाठीवर फक्त देह होता. पण दादा वाटेत यांच्याशी बोलत होते म्हणे, आलं बे गाव, आलं, दिसून राह्यलं पाह्य... मुलगी नागपूरला शिकते, ती संध्याकाळी पोचली. मी तिला जेवायला वाढलं. काय वाढलं ते आठवत नाही. मला रडू आलं नाही. अजूनही नीट आलेलं नाही. शेजारच्या बाया म्हणतात, बाई दगड झाली. मला तसंही काही वाटत नाही. हात काम करतात, मी बघते.

दोघं एका वर्गात होते. हे कुणब्याच्या घरातले, दादा बौद्ध वस्तीतले, आणि गाव इतकं लहान की शाळेत जाण्याचा रस्ता एकच. विशीत दोघांना पोलीस भरतीचं वेड लागलं. पहाटे उठून गावामागच्या तीन टेकड्या पळायच्या. पहिली बुटकी, दुसरीवर मोहाचं एकटं झाड, तिसरी नुसती दगडांची, आणि तिच्यापलीकडे नाला. नाल्याचं पाणी प्यायचं आणि माघारी. दोन वर्षं ते असे पळाले. यवतमाळला भरतीच्या मैदानावर हे दोघं धावण्यात पुढे होते, पण दादा उंचीत बोटभर कमी भरले आणि हे लेखी परीक्षेत राहिले. कोणीच लागलं नाही. पुढे हे शेती बघत ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडू लागले, दादांनी आर्णीला गाड्यांच्या पंक्चरचं दुकान टाकलं. पळणं सुटलं. फक्त वर्षातून एक दिवस राहिला, करीचा, कारण त्या दिवशी शेतात कोणालाच काम नसतं. त्याला एक नियम होता. दोघांनी सोबत पळायचं, आणि दमला त्याने 'बस' म्हणायचं. एकाने म्हटलं की दुसऱ्यानेही तिथेच थांबायचं. पण म्हणणाऱ्याला पुढचं वर्षभर टोमणे ऐकावे लागणार, म्हणून इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नाही. पोटात कळ आली, काटा रुतला, तरी नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दादा ओसरीच्या पायरीवर बसायचे. वर येत नसत. सासूबाई त्यांना चहा देत, पण तो कप वेगळा ठेवलेला असे. कोणी त्यावर बोलत नव्हतं. लग्नाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी हे दादांचा हात धरून त्यांना वर घेऊन आले, खाटेवर बसवलं, आणि मला हाक मारली. मी आले तशी म्हणाले, "हा माह्या मोठा भाऊ. चार महिन्यानं मोठा हाय माह्यापेक्षा. तुह्या भासरा. पाया पड." मी डोक्यावर पदर घेऊन पाया पडले. दादा इतके लाजले की पाय खाटेवर ओढून घेऊ लागले. सासूबाई दारात उभ्या होत्या. सुनेने ज्याला भासरा मानून पदर घेतला त्याला वेगळ्या कपात चहा देणार कसा? त्या दिवसापासून तो कप कुठे गेला मला माहीत नाही. यांनी भांडण केलं नाही, कोणाला उपदेश केला नाही. मला पाया पडायला लावलं, एवढंच. त्याची किंमत अशी की मी दादांशी कधी बोलायचं नाही.

पण बोलणं व्हायचंच, यांच्यामार्फत. दादा ओसरीवर, मी आतल्या दाराच्या आड चुलीपाशी, मधे पाच-सहा हातांचं अंतर, आणि सगळं सगळ्यांना ऐकू जातंय. तरी मी यांना म्हणायची, "विचारा त्यांना, जेवून जाणार का?" हे मान वळवून म्हणायचे, "गौतम, जेवून जाशीन का?" दादा म्हणायचे, "सांग बाईले, पिठलं असन तं जेवतो." हे परत माझ्याकडे वळायचे, "पिठलं असन तं जेवतो म्हन्ते." मी म्हणायची, "वांगी आहेत म्हणावं." कधी वैतागून हे म्हणायचे, "मी का टेलिफोन हावो का बे? इकडून तिकडं, तिकडून इकडं! बिल कोन भरन माह्यं?" दादा म्हणायचे, "तू नाई राह्यला तं आमी उपाशी मरू ना लेका." आम्ही सगळे हसायचो. मी आतमध्ये, तोंडाला पदर लावून.

हे घरी नसले तर आणखी एक सोय होती, ती आपोआप लागली. दादा ओसरीवरून, भिंतीकडे बघून विचारायचे. उत्तर हो असेल तर मी हातातल्या चमच्याने गंजावर, म्हणजे पातेल्यावर, टण्ण करायची. नाही असेल तर काहीच वाजवायची नाही. विलास शेतात गेला का? टण्ण. लवकर येईन का? आवाज नाही. मग दादा म्हणायचे, "बरं, मी येतो मंग," आणि जायचे. वीस वर्षांत ह्या टण्णने कधी चूक केली नाही.

एकदा मी त्यांना पळताना पाहिलं. आमचं शेत पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. करीच्या दिवशी शेतात जायचं नसतं, पण मी शेळीसाठी पाला आणायला म्हणून गेले होते. दोघं वरून उतरत होते. शर्ट काढून कंबरेला बांधलेले, पायांना लाल चिखल. ते बोलत नव्हते. मी पाच-दहा मिनिटं बघत होते, एक शब्द नाही. दगड आला की पुढचा हात मागे करायचा, मागचा न बघता तो धरायचा, दगड संपला की सुटायचा. खाली सपाटीवर आल्यावर दोघं आडवे पडले, गवतात, पाठीवर. मग कोणीतरी काहीतरी म्हटलं आणि हे हसायला लागले. पोट धरून, कुशीवर वळून, पाय आपटत. घरात मी यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. यांचा स्वभाव गंभीर नव्हता, पण हे हसणं वेगळं होतं, लहानपणचं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी पाल्याचा भारा उचलला आणि दुसऱ्या वाटेने घरी आले. पाहिलं असं कधी सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात हे टाकीची शिडी चढताना मधे थांबू लागले. धाप लागायची, छाती दाबून धरायचे. मी मागे लागले तेव्हा यवतमाळला गेलो. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, खराब आहे, बदलावी लागेल, तोपर्यंत ओझं उचलायचं नाही, चढायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं, दसऱ्यानंतर. परत येताना एसटीत हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग हसून म्हणाले, "गावचा व्हॉल मी उघडतो, अन् माह्यावालाच व्हॉल जाम." मला हसू आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आईले नको सांगू. अन् गौतमले तं बिलकुल नको."

"काहून?"

"त्याले समजलं तं तो पयनार नाई माह्यासंग."

"पळायचं नाहीच म्हणाले ना डॉक्टर."

"या वर्षी एकदा. मंग ऑपरेशन झाल्यावर कोनाले मालूम, पयता येते का नाई." आणि मग म्हणाले, "तशी तू तं बोलतच नाई त्याच्यासंग. मले कायची भीती!" आणि स्वतःच हसले. मी शब्द दिला. बायको नवऱ्याला शब्द देते तसा, तेव्हा त्याचं काही वाटत नाही. मला वाटलं, पोळा येईपर्यंत मी यांचं मन वळवेन. पोळा आला. बैल धुतले, रंगवले, मिरवले. रात्री मी परत विषय काढला, तर हे म्हणाले, हळूहळू पळीन, चालल्यासारखं.

करीच्या सकाळी दादा नेहमीपेक्षा लवकर आले. हे पाणी सोडायला टाकीवर गेले होते, सासूबाई मारुतीच्या देवळात. घरात मी एकटी. मी चहा करून उंबरठ्यावर ठेवला आणि आत सरले. दादांनी कप उचलला. एक घोट घेतला असेल. मग भिंतीकडे बघून विचारलं, "बाई, विलास बारीक दिसून राह्यला मले. तब्येत बरी हाय ना त्याची?"

माझ्या हातात चमचा होता. समोर दुधाचा गंज होता. न वाजवणं म्हणजे नाही. नाही म्हटलं तर दादा पुढचं विचारणार, काय झालं, कधीपासून, आणि त्याची उत्तरं हो-नाहीत देता येणारी नव्हती. तोंड उघडावं लागलं असतं. शब्दही दिलेला होता. मी किती वेळ थांबले ते सांगता येत नाही, फार नसेल. मग मी वाजवलं. टण्ण.

"मंग बरं," दादा म्हणाले. "माह्याच जीवाले उगाच घोर."

तेवढ्यात हे आले. दोघं निघाले. अंगणातून दादांचा आवाज आला, "चाल बे म्हाताऱ्या, आज तुले बस म्हनालेच लावतो." हे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

दादांनी तिरडीला खांदा दिला, आणि त्यानंतर ते आमच्या अंगणात आले नाहीत. तेरवीलाही नाही. गावात लोक बोलू लागले, गौतमनं पयवलं त्याले, त्या वयात कोनी पयते का. सासूबाईही म्हणू लागल्या, "त्यानंच नेलं माह्या लेकराले." मी ऐकत होते आणि भाकरी थापत होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तोंडात यायचं, आणि तिथेच बसायचं. कारण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार, की त्यांनी मला विचारलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादांची बायको कुंदा नळावर भेटली. पाण्याचा गुंड भरून झाला तरी तिने उचलला नाही. म्हणाली, "वैनी, हे पुन्याले चालले. यायच्या भावानं वॉचमनची नोकरी पाह्यली. पुढच्या सोमवारी जातो म्हन्ते. दुकान विकाले काढलं." मग ती म्हणाली, "जेवतच नाई. दुसऱ्या टेकडीवर यायचा गुडघा दुखत होता म्हने. बस म्हनावं असं मनात आलतं. पन लाज वाटली. म्हनून नाई म्हटलं. आता दिवसभर तेच. मी बस म्हनलो असतो तं तो जिता असता. लोक तोंडावर बोलते तं ऐकून घेते. म्हन्ते, खरंच हाय त्यायचं."

मी घरी आले, घागर ठेवली, आणि तशीच निघाले. विचार केला असता तर गेले नसते. भर दुपार होती, लोक सोयाबीन काढायला शेतात गेलेले. बौद्ध वस्तीत मी त्याआधी एकदाच गेले होते, कुंदाच्या पोराच्या नावाच्या कार्यक्रमाला, तेही सगळ्यांसोबत. दादा दारातच बाजेवर बसले होते. मला बघून उठले, आणि मला उभं राहता यावं म्हणून तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. दाढी वाढलेली, पाठ लहान झालेली. "कुंदा," ते म्हणाले, "बाई आल्या. बसाले दे."

कुंदाने सतरंजी टाकली. मी बसले नाही. मी कुंदाकडे बघून म्हटलं, "यांना सांगा..." आणि पुढचं येईना. तिच्यामार्फत सांगण्यासारखं ते नव्हतंच. तिला त्यातलं काही उचलून पलीकडे ठेवता आलं नसतं. मी पदर घट्ट धरला आणि दादांच्या पाठीकडे बघून म्हटलं, "दादा."

ते हलले नाहीत. कुंदाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"यांच्या हृदयाची झडप खराब होती. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, पळू नका. यांना माहीत होतं. मला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही असा शब्द घेतला होता माझ्याकडून. त्या दिवशी तुम्ही विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी गंज वाजवला. खोटा वाजवला मी, दादा."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला असेल. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. दादा तसेच भिंतीकडे तोंड करून उभे. एक हात वर करून त्यांनी भिंतीला टेकवला.

"मले नाई सांगितलं त्यानं," ते म्हणाले. मला नाही, भिंतीला. "मले? मले नाई सांगितलं?" मग म्हणाले, "पुढं होता ना तो. दोन्ही टेकड्या माह्या पुढं होता, लेकाचा..."

आणि मग पहिल्यांदाच ते वळले. डोळे वर केले नाहीत, पण वळले. "तुमी वाजवलं तवा मले लय बरं वाटलं होतं बाई," ते म्हणाले. "त्याच खुशीत पयालो मी."

मला वाटत होतं ते रागावतील, किंवा म्हणतील जाऊ द्या. दोन्ही म्हणाले नाहीत. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. कुंदा म्हणाली, "वैनी, चहा ठेवते." मी चहा घेतला, बशीत ओतून, उभ्यानेच. आणि घरी आले.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. डॉक्टरांचं, शब्दाचं, गंजाचं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि पुढे चार दिवस बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, पण मागितली नाही. पाचव्या दिवशी सकाळी वाती वळता वळता म्हणाल्या, "त्याले बोलाव." कोणाला ते विचारायची गरज नव्हती.

सोमवार येऊन गेला. दादा पुण्याला गेले नाहीत. दिवाळीनंतर बघू म्हणतात. जातील कदाचित. परवा ते आले. ओसरीवर खाटेच्या अगदी कडेला बसले. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोठ्याकडे निघून गेल्या. मी आत, दाराच्या आड, नेहमीच्या जागी. मधे कोणी नाही.

"सोयाबीन काढाले मानसं भेटली का?" दादांनी विचारलं. भिंतीला नाही, दाराकडे बघून.

"भेटली," मी म्हटलं. मग म्हटलं, "जेवून जाल का?"

"कायची भाजी हाय?"

"वांगी."

"जेवतो."

एवढंच बोलणं. पण त्याला खूप वेळ लागला. दादांनी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. मी विचारलं की तेही थांबतात. तितकंच थांबतो आम्ही दोघं, जितका वेळ यांना मान इकडून तिकडे वळवायला लागायचा...